हात कुणाचा?

मेलेल्या माणसावर दोष ढकलणं सगळ्यांत सोपं. तो अपील करत नाही, पेपरात पत्र लिहीत नाही, आणि तेराव्यानंतर त्याच्या बाजूने बोलणारेही आपापल्या कामाला लागतात. केतकी फालकच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पिंपळदऱ्याच्या फ्लाइंग क्लबची ही सव्वीस वर्षांची प्रशिक्षक एका सकाळी दोन आसनांचं विमान घेऊन एकटीच उडाली. सहाशे फुटांवर इंजिन बंद पडलं आणि विमान धावपट्टीपलीकडच्या केळीच्या बागेत कोसळलं. चौकशीचा अहवाल चाळीस पानांचा होता, पण जिल्ह्याने त्यातलं एकच वाक्य पाठ केलं. वैमानिकाने उड्डाणापूर्वी तेल तपासलं आणि झाकण नीट लावलं नाही. त्यामुळे तेल उडून गेलं, कोरडं इंजिन जाम झालं, आणि त्या हिसक्याने आतला बोल्ट तुटला.

केतकीचे वडील अण्णा गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना नीटनेटकेपणा शिकवला आणि त्यांचीच पोरगी झाकण लावायला विसरली, असं लोक म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढाच काय तो उपकार. अहवालानंतर पोलिसांनी प्लास्टिकच्या पिशवीत केतकीचं घड्याळ आणि ते तेलाचं झाकण परत केलं. अण्णांनी दोन्ही कपाटात ठेवलं आणि त्या दिवसापासून त्यांना एक खोड जडली. घरातलं प्रत्येक झाकण ते दोनदा दाबून बघत. साखरेचा डबा, लोणच्याची बरणी, पाण्याची टाकी. झोपायला जाण्यापूर्वी सगळ्या घरातून फिरून येत. अकरा वर्षं त्यांचा हा नेम चुकला नाही.

थोरली मृणाल हे बघत आली होती. ती त्याच क्लबात मेकॅनिक होती. अपघातानंतर तिने पुणं गाठलं आणि एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. तिथेच पुढे ‘स्मरणी’ तयार झाली.

स्मरणीचं तत्त्व सोपं आहे, यंत्र बनवायला मात्र नऊ वर्षं गेली. पोलादात कोट्यवधी चिमुकले चुंबकीय कप्पे असतात. धातूला ताण बसला, तो पिळला, तापला की काही कप्प्यांची दिशा बदलते. नंतरचा बदल आधीच्यावर बसतो, पण आधीचा पुरता पुसला जात नाही. शेणाने सारवलेली जमीन खरवडली तर दिवाळीचा थर, त्याखाली पाडव्याचा थर निघावा, तसं. हे थर माणसाला वाचता येत नाहीत, पण संगणकाला हजारो नमुने दाखवून ते वाचायला शिकवता येतं. घटना किती वाजता घडली हे स्मरणी सांगत नाही. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, एवढं मात्र ती बिनचूक सांगते.

तोवर प्रत्येक तालुक्याला धावपट्टी झाली होती आणि छोटी विमानं जीपगाड्यांसारखी भाड्याने मिळू लागली होती. त्यामुळे स्मरणीला मागणी आली. इंजिन न उघडता, बाहेरून पट्टा बांधून आतल्या प्रत्येक बोल्टची कुंडली मिळू लागली. देखभालीसाठी सरकारने तिला मान्यता दिली. न्यायालयाने मात्र अजून दिली नव्हती. यंत्राची साक्ष ग्राह्य धरायची का, यावर वकील तारखा घेत बसले होते.

एका दुपारी मृणालने कपाटातलं ते झाकण प्रयोगशाळेत आणलं. केतकीचं झाकण लावायचं राहिलं असेल तर राहिलं, पण आपल्याला एकदा कळू दे, एवढंच तिच्या मनात होतं. पडद्यावर ओळी उमटल्या. पीळ, उजवीकडे, घट्ट. मग कंप, कंप, कंप. मग धक्का, फार मोठा. आणि सगळ्यांत शेवटी पीळ, डावीकडे, पाऊण फेरा.

तिने ते पाच वेळा वाचलं. मग तीन दिवस पुन्हा पुन्हा तपासलं. क्रम हलला नाही. विमान कोसळलं तेव्हा झाकण घट्ट होतं. कोसळल्यानंतर कुणीतरी ते हाताने फिरवून काढलं होतं. केळीच्या बागेत सर्वांत आधी जीप घेऊन पोचला होता तो एकच माणूस, आणि त्यानेच केतकीला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं होतं.

माधव सरोदे. क्लबचे तेव्हाचे मुख्य अभियंता, मृणालचे गुरू. पान्हा कसा धरायचा इथपासून त्यांनी तिला शिकवलं होतं. अपघातानंतर ते अण्णांच्या ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले होते, तिला पुण्याची नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. झाकणाच्या त्या ओळी वाचल्यापासून मृणाल मनातल्या मनात त्यांना अरेतुरे करू लागली. तोंडाने ‘सर’च म्हणायची.

त्या माणसाने क्लबात एक रीत घालून दिली होती. इंजिनात कुणी हात घातला की पुढच्या पहिल्या उड्डाणात त्या मेकॅनिकने वैमानिकाशेजारी बसायचं. आपल्या कामावर आपलाच जीव ठेवायचा. वैमानिक विमानात चढण्यापूर्वी विचारायचा, “हात कुणाचा?” आणि ज्याचा असेल तो “माझा” म्हणून पुढे यायचा. अपघाताच्या सकाळीही केतकीने विचारलं होतं. मृणाल चार पावलांवर उभी होती, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सरोदे म्हणाला होता, “कुणाचाच नाही. तेल बदललंय फक्त.” म्हणून केतकी एकटी गेली.

मग तिला दुसरं विमान आठवलं. क्लबने दोन जुळी विमानं एकाच वेळी घेतली होती. एक बागेत पडलं. दुसऱ्यात काहीच खोट नव्हती, तरी सरोदेने ते हँगरच्या कोपऱ्यात नेऊन ताडपत्रीखाली झाकून टाकलं. म्हणाला, ते बघितलं की पोरगी आठवते. अकरा वर्षं कुणी त्याला हात लावला नाही. लोकांना वाटलं, केवढं हे दुःख.

मृणाल पिंपळदऱ्याला गेली, ताडपत्री काढली आणि इंजिनाला पट्टा बांधला. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला एक गिअर असतो, तो एकाच बोल्टवर धरलेला. तो सुटला की ठिणगी जाते, झडपाही थांबतात आणि इंजिन जागच्या जागी गप्प होतं. केतकीच्या इंजिनात तुटलेला बोल्ट हाच. हा बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणाच्या जोरावरच घट्ट बसतो. म्हणून एकदा काढलेला बोल्ट फेकून द्यायचा, हा कामाचा पहिला धडा. स्मरणीने सांगितलं, ताण दोनदा. लॉगबुकप्रमाणे, म्हणजे विमानाच्या नोंदवहीप्रमाणे, हे इंजिन कारखान्यातून आल्यापासून उघडलेलंच नव्हतं.

आता सगळं लख्ख होतं. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात सरोदेने दोन्ही इंजिनं गुपचूप उघडली होती, जुनेच बोल्ट पुन्हा आवळले होते आणि लॉगबुकात फक्त ‘तेल बदलले’ असं लिहिलं होतं.

तिला विलक्षण राग आला. त्याच्या घरी जावं, त्याला बकोटीला धरून बागेत न्यावं आणि तिथेच गाडावं, असं वाटलं. पण हातात होता तो कागद न्यायालयात चालणारा नव्हता, आणि तुटलेला बोल्ट केव्हाच भंगारात गेला होता. सरोदेला महिनाभराने जीवनगौरव पुरस्कार मिळायचा होता. शिवाय स्मरणी म्हणजे यंत्राने सांगितलेलं ज्योतिष, असा लेखही त्याने पेपरात लिहिला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

संध्याकाळी तिने अण्णांना सगळं सांगितलं. आपण काय करणार तेही सांगितलं. ते विमान दुरुस्त करायचं, त्याला केतकीचं नाव द्यायचं, आणि पुरस्काराच्या दिवशी पहिलं उड्डाण सरोदेच्याच हातून करायचं. बोल्ट आहे तोच ठेवायचा.

अण्णांनी एकच विचारलं, “म्हंजे तिनं लावलं व्हतं?”

“लावलं होतं अण्णा. घट्ट.”

ते उठून केतकीच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे कोरडे होते आणि आवाजात ताठरपणा होता.

“त्याले सोडू नको. पण त्या विमानात तूही बसशील ना? रीत हाये तुमची.”

“बसेन.”

“मले दोन पोरी व्हत्या, मृणाल. एकच राह्यली. मेल्यावर तो बी केतकीसारखा गप्प होईन. मले तो बोलता पायजे.”

सरोदेला निमंत्रण द्यायला ती स्वतः गेली. अडुसष्टाव्या वर्षीही तो ताठ होता, दर रविवारी स्वतःचं विमान उडवत होता. जुळ्या विमानाचं ऐकून त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. कशाला जुनं उकरून काढतेस, भंगारात दे, असं मायेने म्हणाला. मृणाल म्हणाली, लॉगबुकप्रमाणे इंजिन जेमतेम दोनशे तास चाललेलं, कधी उघडलेलंही नाही, भंगारात का द्यायचं? शेवटी त्याने विचारलं, आता तरी उघडून बघणार असशील ना? ती म्हणाली, हल्ली इंजिन उघडावं लागत नाही सर, स्मरणी आहे. आता सगळं असंच चालतं, यात खोटं काहीच नव्हतं. आपण काय करणार, हे मात्र तिने सांगितलं नाही.

नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. केतकीच्या नावाचं विमान उडवायला सरोदेसरांनी नकार दिला, असं उद्या गावभर झालं असतं.

समारंभाला अर्धा तालुका लोटला होता. हँगरसमोर मांडव, नारळ, हार. टेबलावर विमानाचं लॉगबुक पूजेला ठेवावं तसं फुलांत उघडून ठेवलं होतं आणि मृणालने माइकवरून सांगितलं की ज्यांना बघायचं त्यांनी जरूर वाचावं. तिने ते मुद्दाम सरोदेपुढे सरकवलं. त्याने त्यावर फूल वाहिलं आणि नजर फिरवली. वैमानिकाने लॉगबुक न वाचता विमानात बसणं म्हणजे पाप, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पण लॉगबुकात काय लिहितात आणि इंजिनात काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. विमानातलं बोलणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मांडवात भोंगा लावला होता. क्लबच्या समारंभांत तशी पद्धतच होती.

सरोदे डावीकडे वैमानिकाच्या जागी बसला, मृणाल उजवीकडे. इंजिन पहिल्याच हाकेला चालू झालं. विमान हलत हलत धावपट्टीच्या टोकाशी गेलं. समोर काळी सरळ पट्टी आणि तिच्या शेवटी केळीची बाग. सरोदेने तिथे थांबून शेवटची तपासणी केली आणि सहज म्हणावं तसं म्हणाला की ठिणगी देणारा मॅग्नेटो नीट वाटत नाही, परत जाऊ.

“काटा स्थिर आहे सर,” मृणाल म्हणाली. “तेलाचा दाब बरोबर. तापमान बरोबर. झाकण मी लावलंय, दोनदा दाबून.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तो काय हिशेब करतोय ते तिला कळत होतं. हिला माहीत असतं तर ही शेजारी बसली नसती. बसली आहे, म्हणजे हिला माहीत नाही. माहीत नाही, म्हणजे बोल्ट आत तोच आहे. तिने त्याला अजिबात घाई केली नाही. अकरा वर्षं गेली होती, आणखी अर्ध्या मिनिटाचं काय.

त्याने वेग वाढवणारा थ्रॉटल पुढे लोटला. पुढे आयुष्यभर मृणालला त्या क्षणाचं आश्चर्य वाटत राहिलं. कबूल करण्यापेक्षा मरण बरं, असं त्याला खरोखर वाटलं होतं, आणि शेजारी तिचाही जीव आहे हे त्याच्या खिजगणतीत नव्हतं. विमान धावू लागलं. बाग जवळ येऊ लागली, केळीची फाटकी पानं वेगळी दिसू लागली. चाकं उचलायला दोन-तीन क्षण उरले असतील.

“सर,” ती म्हणाली, “केतकीने विचारलं होतं तेच विचारते. हात कुणाचा?”

त्याने थ्रॉटल मागे ओढला आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबले. विमान वाकडंतिकडं होत गवतात जाऊन थांबलं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, भोंगा मात्र चालूच होता.

“माझा,” सरोदे म्हणाला. “हात माझा होता.”

मग ते सगळं बाहेर पडलं, आणि मांडवातल्या हजार माणसांनी ते ऐकलं. दोन्ही इंजिनांच्या मागच्या बाजूने तेल झिरपत होतं, म्हणून ती उघडली. नव्या तुकडीच्या परीक्षा तोंडावर होत्या. नवे बोल्ट परदेशातून यायला तीन आठवडे लागणार होते. लॉगबुकात लिहिलं असतं तर दोन्ही विमानं तोवर जमिनीवर राहिली असती. तीन आठवडे निभतील असं वाटलं. आणि केतकीने विचारलं तेव्हा ‘माझा’ म्हणायला जीभ उचलली नाही, कारण मग शेजारी बसावं लागलं असतं.

“आणि झाकण?” मृणालने विचारलं.

“मी काढलं.” तो आता रडत होता. “तिला बाहेर काढलं, मग मागे वळून काढलं.”

या रडण्याला ती एकदा फसली होती. आता तिला त्याची जराही कीव आली नाही. तिने कमरेचा पट्टा सोडला आणि दार उघडलं. तेवढ्यात त्याने तिची बाही धरली.

“मृणाल, आत तोच बोल्ट आहे? तू मला त्याच्यावर उडवणार होतीस?”

“लॉगबुकात लिहिलंय सर,” ती म्हणाली. “वाचा की.”

आणि खरंच लिहिलेलं होतं. आठ दिवस आधीची तारीख, इंजिन उघडून जुना बोल्ट काढला, नवा बसवला, खाली तिची आणि सरकारी तपासनिसाची सही. फुलांत उघडून ठेवलेलं पान तेच होतं. अण्णांच्या शब्दाखातर तिने हे काम केलं होतं आणि रीतीप्रमाणे पहिल्या उड्डाणाला स्वतः बसली होती. विमान उडालं असतं, एक गोल चक्कर मारून सुखरूप उतरलं असतं, पुरस्कार मिळाला असता, आणि तिच्या हातात पुन्हा तो न चालणारा कागद उरला असता. त्या दिवशी त्या विमानात धोका एकच होता, तो डावीकडच्या जागेवर बसला होता.

चौकशी पुन्हा उघडली. यंत्राची साक्ष चालेना, पण हजार माणसांची चालली. सरोदेचा परवाना गेला, पुरस्कार गेला, खटला उभा राहिला. अहवालातलं ते वाक्य खोडून दुसरं आलं, वैमानिकाचा कोणताही दोष नव्हता. अण्णांनी तो कागद शाळेत नेऊन वाचून दाखवला, मग बाजारातही, मग ज्यांनी ऐकायला मागितलं नव्हतं त्यांच्या दारांतही.

सुट्टीत मृणाल घरी आली तेव्हा साखरेच्या डब्याला मुंग्या लागलेल्या होत्या. झाकण बाजूला पडलं होतं. अण्णा पेपर वाचत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. तिने काही न बोलता मुंग्या झटकल्या. कपाटात घड्याळाशेजारी आता जुळ्या विमानातला तो जुना बोल्ट होता, चिवड्याच्या रिकाम्या डब्यात, उघडाच.

फोन वाजला. सरोदेच होता. जामिनावर सुटल्यापासून महिन्यातून एकदा तरी करायचा. तिने त्याला त्या पानाची प्रत पाठवली होती, तपासनिसाचा नंबरही दिला होता. तरी दर वेळी आवाज आदल्यापेक्षा खोल गेलेला असायचा आणि प्रश्न तोच असायचा. रात्री झोपेत मी उडतो, म्हणाला, आणि इंजिन बंद पडतं. एकदा खरं सांग, आत कोणता बोल्ट होता?

“लॉगबुकात लिहिलंय, सर,” मृणाल म्हणाली. “आणि या वेळी खरं लिहिलंय.”

त्याचा विश्वास बसणार नव्हता, आज नाही आणि मरेपर्यंतही नाही. तिने फोन ठेवला आणि अण्णांसाठी चहा टाकला.